लेंड्या आणि शेण

आमच्या खात्यात माणसाची किंमत त्याच्या मुलखात कोणतं जनावर राहतं त्यावरून ठरते. हे कुठं लिहिलेलं नाही, पण मीटिंगमधे चहाचा पहिला कप कोणापुढं जातो ते बघितलं की समजतं. ज्याच्या जंगलात वाघ, तो पहिल्या रांगेत. मग बिबट्यावाले, अस्वलवाले, गव्यावाले. सगळ्यात मागं, दाराजवळ, चपलांच्या शेजारी आम्ही हिंगोली जिल्ह्यातले. आमच्याकडं रोही.

रोही म्हणजे पुस्तकातली नीलगाय. शहरातली माणसं गाडी थांबवून तिचे फोटो काढतात. आमच्या शिवारात नीलगाय म्हटलं तर कोणी ओळखणार नाही, आणि रोही म्हटलं तर शिवी दिल्याशिवाय थांबणार नाही. घोड्याएवढं जनावर, कळपानं राहतं. तूर असो, हरभरा असो, सोयाबीनचं नुकतं उगवलेलं रान असो, एका सकाळीत साफ. खाल्लेलं परवडलं, तुडवलेलं बघवत नाही. त्या रोह्यांचं रक्षण आपणच करायचं आणि त्यांनी खाल्लेल्या पिकाचा पंचनामाही आपणच लिहायचा, अशी ती नोकरी. चोराचा वकील आणि फिर्यादीचा कारकून एकच माणूस असला तर गावात त्याची जी इज्जत राहील, ती माझी होती. आधी वनरक्षक म्हणून, मग वनपाल म्हणून, सगळी मिळून तेहतीस वर्षं.

लोक कधी 'रोही आले' असं म्हणत नाहीत. 'तुमचे रोही आले' म्हणतात. जवळा बाजारकडचा एक म्हातारा शेतकरी एकदा दावं घेऊनच आमच्या खात्याच्या नाक्यावर आला. माझ्या टेबलावर ते ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, तुमची सतरा जनावरं माझ्या हरभऱ्यात बसलेली आहेत, घेऊन या, दावं कमी पडलं तर अजून देतो. मी त्याला कायदा समजावून सांगितला. त्यानं सगळा ऐकून घेतला आणि विचारलं, हे रोह्याला कधी सांगणार?

दुसऱ्या एका गावात कठडा नसलेल्या विहिरीत रोही पडलं होतं. ज्याची तूर त्यानं आदल्या आठवड्यात फस्त केली होती, तोच गडी कमरेला दोर बांधून खाली उतरला. वर काढताना त्या जनावरानं माझ्या बरगडीत अशी लाथ घातली की मी महिनाभर कुशीवर झोपलो नाही. पेपरात बातमी आली, 'ग्रामस्थांनी वाचवले प्राण'. नाव कोणाचंच नव्हतं. आणि त्याच आठवड्यात, त्याच पेपरात, चार कॉलमात वसंताचा फोटो होता. मागं गव्यांचा कळप, पुढं हा, डोक्यावर खात्याची टोपी.

आता वसंताचं सांगतो. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

वसंता परभणीकडचा. आम्ही एकाच दिवशी नोकरीला लागलो, ट्रेनिंगला एकाच खोलीत शेजारी शेजारी खाटा. ट्रेनिंग संपलं आणि नेमणुकीचे कागद हातात आले. त्याला मिळाला औंढा तालुका आणि मला मिळाला उत्तरेकडचा सातपुडा, मेळघाटचा डोंगर. आजची गोष्ट वेगळी. तेव्हा त्या डोंगराची नेमणूक म्हणजे शिक्षा. मलेरिया, लाईट नाही, एसटी आली तर आली, पत्र पोचायला पंधरा दिवस. माझं तोंड उतरलं. मी वसंताला म्हणालो की माझ्या बापाला दमा आहे, मला इतकं लांब जाता येणार नाही. दमा खरा होता. पण बाप स्वतःच 'जा' म्हणाला होता, ते मी सांगितलं नाही.

वसंतानं फार विचार केला नाही. म्हणाला, "तुपल्या बापाला तकलीफ हाय तर घे मपली जागा. मला काय, मी एकटा जीव." आम्ही अदलाबदलीच्या अर्जावर सह्या केल्या. साहेबालाही बरं वाटलं, डोंगरात खुशीनं जाणारा माणूस मिळाला म्हणून. हिंगोलीच्या स्टँडवर मी वसंताला भजी खाऊ घातली आणि अकोल्याच्या गाडीत बसवून दिलं. गाडी निघून गेल्यावर मी सुटलो असं मला वाटलं होतं.

पुढं काय झालं ते सांगतो. त्या डोंगरातली काही गावं लोकांच्या राजीखुशीनं खाली आली, त्यांना खाली जमिनी मिळाल्या. वर रिकामी झालेली शेतं पडून राहिली. पडीक शेत म्हणजे कुरण नव्हे, त्यावर आधी तण माजतं, काटेरी झुडपं येतात. वसंतानं आणि त्याच्या मजुरांनी ते तण फुलावर यायच्या आधी मुळापासून उपटलं, वर्षामागून वर्षं. गवताचं बी गोळा करून पेरलं. वणवा शिरू नये म्हणून भोवती जाळरेषा काढल्या. उन्हाळ्यात पाणवठ्यात पाणी आणून टाकलं. आसपासच्या गावांतल्या गायी-म्हशींना लाळ-खुरकुतीची लस टोचून घेतली, कारण पाळीव जनावराचा रोग गव्यांना लागला तर कळपच्या कळप बसतो. एवढं केल्यावर गवे आले. आधी एक-दोन, मग गायी वासरं घेऊन, मग सगळा कळप.

गवे आले तसे मोठे साहेब आले, कॉलेजची पोरं आली, कॅमेरेवाले आले. वसंताचं भाषण, वसंताचा सत्कार. आणि दर वेळी माझ्या पोटात दुखायचं. बोलायची पद्धत म्हणून म्हणत नाही, खरंच दुखायचं. बातमी आली की त्या दिवशी जेवण जायचं नाही. आमची मंडळी एकदा ताट उचलताना म्हणाली, त्याचा फोटो पाहून तुमी भाकर काहून टाकून राहिले? मी म्हणालो, पित्त झालंय. ती म्हणाली, व्हय, दिसून राहिलं.

वसंता मिजासखोर असता तर माझं सोपं झालं असतं. पण तो भेटेल त्याला, भरल्या सभेतसुद्धा सांगायचा, ही जागा नामदेवाची होती, त्याच्यामुळं मला मिळाली. नामदेव म्हणजे मी. लोक माझ्याकडं वळून बघायचे, आणि चपलांशेजारी बसलेला तो मी हसून मान हलवायचो. जळफळाट काय असतो ते मला विचारा.

एकदा त्यानं आग्रहानं बोलावलं म्हणून गेलो. उजाडता उजाडता त्यानं मला कुरणाच्या कडेला नेऊन बसवलं. धुकं वर चढलं आणि समोर तीस-चाळीस गवे चरत होते. वसंता हळू आवाजात सांगत होता, ही थोरली गाय कळप हलवते, ती पलीकडची शिंग मोडकी, ते तांबूस वासरू या पावसाळ्यातलं. पर्यटक याला बायसन म्हणतात, ते चूक आहे असंही म्हणाला. खरे बायसन पार उत्तरेकडच्या बर्फाच्या देशांत. एका ट्रेनिंगमधे त्यांची फिल्म दाखवली होती. तिकडच्या माणसांनी बंदुकांनी ते कळप जवळजवळ संपवले, मग उरलेले सांभाळले, वाढवले आणि ट्रकातून नेऊन पुन्हा मोकळे सोडले. ट्रकाचं दार उघडल्यावर पहिला बायसन बर्फात उतरला तेव्हा आपल्याला रडू आलं, असं त्यानं मला सांगितलं. इतक्या वर्षांच्या मित्रानं इतकं मन उघडं करून सांगितलं, आणि मी काय म्हणालो? म्हणालो, डास लई आहेत तुझ्याकडं.

परतीच्या एसटीत वाशिमपर्यंत मी एकच हिशोब करीत होतो. ते कुरण माझं, तो कळप माझा, ती गाय माझी. मी सही करून दिलेलं आयुष्य हा माणूस जगतोय.

इथं जरा आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. वनरक्षकाचं निम्मं काम पायाखाली बघण्याचं. जनावर क्वचित दिसतं, त्याची खूण रोज दिसते. रोही लेंड्या टाकतं, शेळीसारख्या पण मोठ्या, आणि पुन्हा पुन्हा एकाच जागी येऊन टाकतं. शिवारात त्यांचे ढीग साचतात. गाय, म्हैस आणि गवा यांच्या शेणाचा पो पडतो. हा फरक आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात, आणि धनगराच्या लेकराला तो बोलायला लागायच्या आधी कळतो.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांत दोन-चार दिवसांवर होती. तूर वाळायला लागलेली, हरभरा घाट्यावर आलेला. सकाळी पार्बताबाई नाक्यावर आली. पार्बताबाई साठीच्या पुढची धनगरीण, सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याकडेनं मेंढरं चारायची. त्या भागात माझ्या पगारी मजुरांपेक्षा तिचे डोळे माझ्या जास्त कामाचे होते. कुठं फास लावलाय, कुठं रोह्यानं पाडस टाकलंय, सगळं तिच्याकडून कळायचं. ती दारात उभी राहून म्हणाली, "सायब, तुमचा रोह्या शेण टाकून राहिला."

मी हसलो. म्हणालो, मावशी, रोह्याचं शेण न्हाई पडत.

"मंग तेच तर सांगून राहिले मी."

मोटारसायकलवर तिला मागं बसवली आणि गेलो. धरणाच्या पाण्यापासून थोडं वर एक ओढा आहे, त्याच्या दोन्ही काठांना बाभळी आणि पलीकडं तुरीचं मोठं रान. ओढ्यात तिनं मला शेण दाखवलं. म्हशीचं असावं तसं, पण मोठं. पार्बताबाई म्हणाली, इकडं आठ दिवसांत म्हैस आलेली न्हाई. मग तिनं काठीनं तुरीकडं दाखवलं.

तुरीच्या वर त्याची पाठ दिसत होती. माणसाच्या उंचीची तूर, आणि तिच्या वर पाठ. काळा कुळकुळीत, मानेमागून निघून अर्ध्या पाठीपर्यंत गेलेला उंचवटा, कपाळावर राखी रंग, शिंगं बाहेर जाऊन आत वळलेली. मग तो एक पाऊल बाहेर आला आणि गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे दिसले. रोह्याच्या पायातही पांढरं असतं, पण ते खुरांच्या वर कडी घातल्यागत. हे मोजे होते. एकटा नर, भरात आलेला. तो आमच्याकडं बघत राहिला, आम्ही त्याच्याकडं. पैनगंगेच्या काठानं कुठून तरी उतरून इथवर आला असावा. माझ्या मुलखात गवा आला होता. वसंताच्या नव्हे, माझ्या.

आता अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. ताबडतोब वरच्या साहेबाला फोन. ते गव्यांची माहिती असलेली माणसं बोलावतात. ती येईपर्यंत कोणाला जवळ फिरकू द्यायचं नाही, चारी बाजूंनी माणसं उभी करायची, फक्त त्याची परतीची वाट मोकळी ठेवायची. बहुतेक वेळा जनावर आपल्या पायांनी निघून जातं. या सगळ्याचं कारण एकच. गवा दिसतो डोंगराएवढा, पण भेदरला आणि पळत सुटला की त्याचं अंग आतून तापतं, पळून पळून मांस आतल्या आत फाटतं आणि मग काळीज बंद पडतं. त्याला गोळी लागत नाही, मारावं लागत नाही. गर्दी पुरते.

हे सगळं मला पाठ होतं. आणि हेही पाठ होतं की गव्यांची माहिती असलेला माणूस म्हणजे वसंता. मी फोन केला की संध्याकाळपर्यंत वसंता गाडीतून उतरणार. साहेब त्याला हात जोडणार, पेपरवाले त्याला विचारणार, आणि माझ्या तुरीतल्या माझ्या गव्याबद्दल तो मला माहिती सांगणार.

पार्बताबाईनं विचारलं, "हाय काय म्हणावं हे?"

मी म्हणालो, "रोहीच हाय मावशी. मोठं हाय जरा. कोणाला सांगू नको."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग 'बरं' म्हणाली आणि मेंढरांकडं गेली. दुपारी मी दैनंदिनीत लिहिलं, 'रोही, नर, मोठा, एकटा.' गवा लिहायला रोहीपेक्षा जास्त शाई लागत नाही. मी रोही लिहिलं.

दोन दिवस तो माझा होता. खोटं कशाला बोलू, त्या दोन दिवसांसारखं सुख मला नोकरीत कधी मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी जवळा बाजारातून खडे मीठ नेऊन ओढ्यातल्या दगडावर ठेवलं. गव्यांना मिठाची ओढ असते हे मला वसंतानंच सांगितलं होतं. तासाभरानं तो आला. आधी लांबून वास घेतला, फुसफुसला, मग पुढं येऊन चाटायला लागला. मी बाभळीआड उकिडवा बसलो होतो. त्याच्या जिभेचा खरखर आवाज मला ऐकू येत होता. मनाशी ठरवून टाकलं होतं, एका ओळखीच्याकडून चांगला कॅमेरा आणायचा, तिसऱ्या दिवशी फोटो काढायचे, आणि मग साहेबाला फोन करायचा, की मी शोधला, मी सांभाळला, हे बघा फोटो. गर्दी नको म्हणून गप्प राहिलो असंही सांगायचं ठरवलं होतं. ते निम्मं मला स्वतःलाही पटलं होतं.

तिसरा दिवस जवळा बाजारचा बाजारदिवस निघाला. हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. कापूस घेऊन चाललेल्या एका टेम्पोवाल्याला सकाळी रस्त्यावरून तो दिसला. त्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढला. तो बाजारात पोचायच्या आधी व्हिडिओ बाजारात पोचला होता. मी कॅमेरा घेऊन ओढ्याशी आलो तेव्हा रस्त्यावर मोटारसायकलींची रांग लागलेली आणि दोन-तीनशे माणूस तुरीच्या कडेनं उभं. कोणी शिट्ट्या मारीत होतं, कोणी ढेकळं. मी एकटा, हातात काठी, गळ्यात दुसऱ्याचा कॅमेरा. ओरडून ओरडून घसा बसला. वाईट माणसं नव्हती हो ती. त्यांना नुसतं बघायचं होतं, जसं मला बघायचं होतं.

तो तुरीतून फुटला. हरभऱ्यातून, कपाशीतून, तारेच्या कुंपणातून. लोक पुढं आले की वळायचा, दुसरीकडं लोक दिसले की पुन्हा वळायचा. तास-दीड तास असा पळाला. मग कालव्यावर आला आणि उडी चुकली. कालव्याला रब्बीचं पाणी सोडलेलं, दोन्ही बाजूंनी सिमेंट. पुढचे पाय टेकायचा, घसरायचा, पुन्हा टेकायचा.

तेव्हा मी फोन केला. साहेबांना वाटलं रोही पडलं असेल. मी म्हणालो, न्हाई साहेब, गवा. ते म्हणाले, वसंताला निरोप देतो.

पुढचं गावानं केलं. ज्यांच्या पिकाचे पंचनामे करून मी कायम शिव्या खाल्ल्या, त्यांनीच. पाणी बंद करवून घेतलं, ट्रॅक्टरनं माती आणली, पोती भरभरून कालव्यात उतार केला. गर्दी पार्बताबाईनं हटवली. तिनं मेंढरं मधे घातली आणि काठी घेऊन उभी राहिली, म्हणाली, ज्याला पुढं यायचं त्यानं मपल्या मेंढरावर पाय देऊन यावं. कोणी आलं नाही. उन्हं कलताना तो उतारावरून वर आला. वीसेक पावलं चालला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो थांबला, त्याचे मागचे पाय थरथरले आणि तो खाली बसला.

वसंता पोचला तेव्हा सूर्य टेकायला आला होता. त्यानं लांबूनच बघितलं आणि बरोबरच्या डॉक्टरला नुसती मान हलवून सांगितलं, हा वाचणार नाही. डॉक्टरनं सुई दिली, अंगावर ओली पोती टाकली. वसंता त्याच्या मानेजवळ जाऊन बसला. माझ्याकडं आला नाही, काही विचारलं नाही. थोड्या वेळानं त्या जनावरानं एक मोठा श्वास सोडला आणि पुढचा घेतला नाही.

मग वसंता उठला आणि चौकशीचं काम करायला लागला, जसं करायचं असतं तसं. पहिल्यांदा कोणाला दिसला हे विचारलं. पार्बताबाई पुढं झाली. म्हणाली, "परवा सकाळी मला दिसला. या सायबाला तवाच सांगितलं. शेण दाखवलं बी."

वसंता माझ्याकडं वळला. मला कालव्याच्या कडेनं थोडं बाजूला घेऊन गेला.

"शेण पाह्यलं व्हतं तू?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मोजे?"

पुन्हा मान हलवली. तो रागावेल म्हणून मी वाट बघत होतो. कानाखाली मारली असती तरी चाललं असतं. त्यानं हाताला लागलेली माती पँटला पुसली. मग विचारलं, "किती येळ भेटला तुला?"

"दोन दिवस."

"चांगला व्हता का रे?"

मी म्हणालो, "लई चांगला व्हता, वसंता."

त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. आजचं नव्हे, पहिल्यापासूनचं. भजी खाल्ली तेव्हापासूनचं असेल. आणि इतकी वर्षं भरल्या सभेत तो माझं नाव काहून घ्यायचा, तेही मला तिथं उभ्या उभ्या कळलं, माझं जळणं ओळखून तो माझा वाटा मला देत होता.

अहवाल त्यानंच, तिथंच बसून लिहिला. पार्बताबाईचं बयाण त्यात घेतलं नाही. माझ्याबद्दल एकच ओळ होती, 'स्थानिक कर्मचाऱ्यास रानगव्याचा पूर्वानुभव नसल्याने प्राणी रोही समजून नोंद केली.' मी वाचली आणि खाली सही केली. खरं लिही, असं मी एकदाही म्हणालो नाही. आणि आता लाज सोडून लिहायचंच ठरवलं आहे तर हेही लिहितो, सही करताना मला त्याचा हेवा वाटला. इतकं मोठं मन याच्याकडं कसं आणि माझ्याकडं काहून नाही, म्हणून. मेलेल्या जनावराशेजारी उभा राहून मी तेवढंच केलं.

साहेबांनी पुढच्या मीटिंगमधे सगळ्यांदेखत विचारलं, सत्तावीस वर्षं नोकरी करून गवा आणि रोही ओळखता येत नाही? मी म्हणालो, न्हाई आला ओळखता, साहेब. लेखी ताकीद मिळाली. खात्यात मला रोहीसाहेब नाव पडलं. नवीन भरतीच्या पोरांना माझा किस्सा सांगून हसवायचे. निवृत्तीच्या समारंभातही एकानं सांगितला. सगळे हसले, आमची मंडळी सोडून. तिला खरं माहीत होतं, कारण त्या रात्रीपासून किती दिवस मला भाकर गेली नाही ते तिनं बघितलं होतं. पार्बताबाई वाटेत भेटली की रामराम घालायची, पण त्यानंतर तिनं मला कधी काही दाखवायला नेलं नाही.

वसंता आता निवृत्त होऊन अकोल्याला असतो. दिवाळीला त्याचा फोन येतो. गव्याचा विषय त्यानं कधी काढलेला नाही. हे ज्यात छापून येईल तो अंक मी त्याला पाठवणार आहे. तो हे वाचील, आणि त्याला यात नवीन काही सापडणार नाही.

बाकीच्यांसाठी लिहितो. माझ्याकडून ओळखण्यात चूक झाली नव्हती. तो गवा होता, आणि मी त्याला बघितल्याबरोबर ओळखला होता.